मी आहे ना

आमचं घर पूर्णगडला, खाडीकडे उतरणाऱ्या पाखाडीवर. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. तिच्या दोन्ही अंगांना घरं इतकी जवळजवळ होती की एका घरात मिरची भाजली तर समोरच्या घरात ठसका लागायचा. सकाळी सगळ्यांत आधी जागा व्हायचा तो धक्का. लाँचींची इंजिनं धडधडायची, कुणी कुणाला नावाने हाका मारायचं, मग विहिरीवरचे रहाट करकरायला लागायचे आणि उजाडता उजाडता घराघरातून भाकरी थापल्याचे आवाज सुरू व्हायचे. नुसत्या आवाजावरून मी सांगायचे, कोण थापतंय ते. माझ्या आईचा हात जलद, थापा मोजक्या. शेजारच्या भागीकाकीचा हात संथ आणि मधेमधे थांबणारा, कारण भाकरी थापताना तिला बोलायची सवय होती. ऐकायला कुणी नसलं तर ती चुलीशी बोलायची. नाचणीची भाकरी आणि तिरफळं घातलेलं आदल्या दिवशीचं बांगड्याचं कालवण, ही आमची न्याहारी. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की कुळथाची पिठी आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. आता माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात खिडकीला पंखा आहे, तो सगळा वास बाहेर फेकतो. तिचं बरोबर आहे. पण वास गेला की घरही थोडं गेल्यासारखं मला वाटतं.

घरात आम्ही तिघंच. बाबा एका मालकाच्या लाँचीवर तांडेल होते, म्हणजे लाँच चालवण्याची जोखीम त्यांची. ते चार-चार दिवस समुद्रावर असायचे आणि घरी आले की बरेचसे झोपायचे. आई धक्क्यावर मासळी घेऊन, टोपली डोक्यावर ठेवून, घाटी चढून सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वाड्यांमधून विकायची. दुपारी ती परत यायची तेव्हा तिच्या कपाळावर चुंबळीचा वळ असायचा. ती बोलायची कमी. तिचं प्रेमही कमी शब्दांचं होतं. ते ताटात यायचं. माशाचा मधला तुकडा न बोलता माझ्या भातावर पडायचा.

माझ्याविषयी आळीत एक गोष्ट ठरून गेली होती, की शेवू गुणाची. शेवंती हे माझं नाव, पण शेवू म्हणूनच सगळे हाक मारायचे. कुणाचं मूल धरायचं असेल, कुणाचं मुंबईहून आलेलं पत्र वाचायचं असेल, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असेल, तर शेवू. मी कधी नाही म्हटलं नाही. कुणी मागायच्या आधीच मी पुढे व्हायचे. एकदा एका बाळंतिणीच्या घरी मी सकाळभर पाणी भरलं. तिच्या सासूने चारचौघींत माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, "बाय माझं सोन्याचं." मी तरंगत घरी आले. आई नुकतीच सड्यावरून उतरली होती. तिने पाण्यासाठी हंडा वाकडा केला, त्यात तळाला तांब्याभर पाणी होतं. ती कळशी घेऊन विहिरीकडे गेली. मी तिच्या मागे धावले, कळशी ओढायला लागले. तिने दिली नाही. त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण सोन्याचं म्हणवून घेतल्याचा आनंद त्याहून जास्त वेळ टिकला. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं.

भागीकाकीचा नवरा समुद्रावर गेला तो परत आला नव्हता. तेव्हा तिची कुंदा पाळण्यात होती. काकी धक्क्यावर कोळंबी सोलायची, खारवलेली मासळी वाळवायची आणि त्यावर तिने कुंदाला वाढवलं. कुंदा माझ्या वर्गात. आम्ही एकाच कंदिलाखाली अभ्यास केला, पावसात एकच छत्री दोघींनी धरून पावसच्या शाळेपर्यंत चाललो. अकरावी दोघी पास झालो, आणि शाळेतल्या बाईंनी खटपट करून देवरुखला शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमाला दोघींची नावं घालून दिली. पाखाडीवरून शिकायला गाव सोडून जाणाऱ्या आम्ही पहिल्या मुली. आईने माझ्यासाठी पत्र्याची एक ट्रंक आणली. काकी आठ दिवस लाडवांसाठी तांदूळ भाजत होती आणि चुलीला सांगत होती, "आता माझी पोर मास्तरीण होणार."

जून महिना होता, जायला चारपाच दिवस उरले होते. काकी मागच्या अंगणात लाकडं रचत असताना खाली बसली ती उठलीच नाही. आम्ही धावलो तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर पडला होता. अंगावरून वारं गेलं, असं आमच्याकडे म्हणायचे. पावसचे डॉक्टर आले. म्हणाले, जीवाला धोका नाही, पण उठायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. माणूस जवळ हवं.

दुसऱ्या दिवशी काकीच्या घरात आळीतल्या बायका जमल्या होत्या. कुंदा आईच्या उशाशी बसली होती, डोळे सुजलेले. ती म्हणाली, "मी नाय जात. नाव काढून टाका माझं."

कुणी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "तू कशाला काढतेस नाव? तू जा. मी आहे ना. काकी जरा सावरली की मी येईन मागून."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कुंदा उठून माझ्या गळ्यात पडली. एक म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "अशी पोर पोटी यायला पुण्य लागतं." माझी आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती आमच्या घरी निघून गेली.

घरी आल्यावर ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "बोललंस ते बोललंस. पण तुला इचारलं कुणी व्हतं?"

"असं कसं म्हणतेस? काकीला कोण बघणार?"

"तेच तर. कोण बघणार ते सगळ्यांनी बसून ठरवलं असतं. तिचा भाव हाय नाट्याला, आळीत एवढ्या बायका हायत, मी हाय. तू कुणाला ठरवूच दिलं नायस."

मला तिचं बोलणं कोरडं वाटलं. मी मनात म्हटलं, आईला माया कमी. ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि काकीकडे झोपायला गेले.

त्या महिन्यांचं काम मी अजून हाताने सांगू शकते. सकाळी काकीला कुशीवर वळवायचं, जुन्या लुगड्याच्या घड्या बदलायच्या, कोमट पाण्याने अंग पुसायचं, पाठीला फोड येऊ नये म्हणून खोबरेल चोळायचं. पेज करायची, ती जिभेच्या डाव्या बाजूला चमच्याने सोडायची आणि घोट खाली उतरेपर्यंत हनुवटी धरून ठेवायची. उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची आणि मिटायची. तिचं बोलणं तोंडात गोळा झाल्यासारखं यायचं. आळीतल्या कुणाला ते कळायचं नाही, मला कळायचं. बायका यायच्या, काकी काहीतरी म्हणायची आणि त्या माझ्याकडे बघायच्या. मग मी सांगायचे, "काकी म्हणतेय बसा." हळूहळू असं झालं की काकीपर्यंत जाणारी वाट माझ्यातून जायला लागली. दोघीतिघी बायकांनी सुरुवातीला विचारलं, "दुपारचं आम्ही बघू काय गो?" मी म्हटलं, "नको, तुम्हाला जमायचं नाही, तिला सवय झालीय माझी." त्या विचारायच्या थांबल्या. नाटे गावाहून काकीचा भाऊ आला, बहिणीला घेऊन जातो म्हणाला. त्यालाही मी बैलगाडीत तिची हाडं खिळखिळी होतील असं सांगून परत पाठवलं. त्याला सुटल्यासारखं झालं असावं, पण त्याने विचारलं होतं हे खरं.

गणपतीला कुंदा आली. दोन वेण्या जाऊन एक झाली होती, हातात घड्याळ होतं. ती दारात दिसली आणि काकीच्या तोंडाची जी बाजू मेली होती तीसुद्धा हलल्यासारखी मला वाटली. दोन दिवस काकीने माझ्याकडे बघितलं नाही. पेज कुंदाच्या हातून घेतली. कुंदाला घोट सोडता येत नव्हता, अर्धी पेज मानेवरून ओघळत होती, काकीला ठसका लागत होता, आणि तरी ती हसत होती. मी कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत बसले. दोन महिने ज्या माणसाची हनुवटी मी धरली ते माणूस माझं नव्हतंच, हे मला त्या कोपऱ्यात कळलं. मला राग आला. कुणाचा, ते मी स्वतःला विचारलं नाही.

कुंदा गेली आणि काकीने तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस ती काही खाईना. तिसऱ्या दिवशी खायला लागली. त्यानंतर काही दिवसांनी कुंदाचं पत्र आलं, की दसऱ्याला सुट्टी आहे, येऊ का? मी काकीला पत्र वाचून दाखवलं, पण तो मजकूर गाळून. आणि उत्तर लिहिलं. शब्द मला पाठ आहेत. "तू येऊ नकोस. तू गेल्यावर काकीला फार त्रास होतो, ती जेवत नाही. अभ्यासात लक्ष दे. मी आहे ना."

त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. दोन दिवस ती जेवली नव्हती. पण तिसऱ्या दिवशी जेवली, हे मी लिहिलं नाही. पुढे दिवाळीलाही मी तसंच लिहिलं. कुंदाचं उत्तर यायचं, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." ते वाचून मला पुन्हा ते गालावरून हात फिरवल्यासारखं वाटायचं. दिवाळीनंतर देवरुखहून आणखी एक पत्र आलं, टाईप केलेलं. फार दिवस हजर न राहिल्यामुळे माझं नाव कमी केलं होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ट्रंक काढून दे. तांदूळ भरून ठेवतंय त्यात, उंदीर लागतात." मला वाटलं होतं ती रडेल, निदान मला जवळ घेईल. मी रुसून काकीकडे गेले.

काकी दाराकडे बघत पडून राहायची. पाखाडीवर पाऊल वाजलं की मान उचलायचा प्रयत्न करायची. "कु... दा?" मी म्हणायचे, "परीक्षा आहे तिची." किती परीक्षा सांगितल्या मी तिला. एकदा तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी कपडे वाळत घालायचं निमित्त करून बाहेर गेले.

थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. मी आमच्या घरी फक्त जेवायला जात होते, तेही घाईत. आई वाढायची, मी खायचे, ताट तिथेच ठेवून परत पळायचे. एका दुपारी भाकरी थापल्याचा आवाज वेगळा आला. अडखळत. मी स्वयंपाकघरात डोकावले तर आई डाव्या हाताने भाकरी थापत होती. उजवा हात पदराखाली होता.

"काय झालं गो हाताला?"

"काय नाय. शिंगाळ्याचा काटा लागलाय."

शिंगाळा माशाच्या काट्याला विष असतं. पदर बाजूला केला तर मधलं बोट काळंनिळं पडून वांग्याएवढं झालं होतं आणि सूज मनगटापर्यंत चढली होती. मी विचारलं कधी लागला. ती म्हणाली, आठवडा झाला. आठवडाभर तिने एका हाताने मला जेवायला वाढलं होतं आणि मी बघितलं नव्हतं. बाबा समुद्रावर होते. मी म्हटलं, उद्या सकाळच्या एसटीने रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात जायचं, मी येते बरोबर. ती म्हणाली, "काकीचं कसं करशील?" मी म्हटलं, करते काहीतरी.

सकाळी मी काकीचं सगळं लवकर आवरलं, लुगडं नेसून तयार झाले. समोरच्या बाईला दुपारपुरतं बघायला सांगायला निघाले, एवढ्यात काकीने कण्हल्यासारखा आवाज केला. तिने अंथरूण घाण केलं होतं. सगळं. नुकतंच बदललेलं. खाली एसटीचा हॉर्न ऐकू आला, ती वळणावर होती. आई आमच्या दारात हात छातीशी धरून उभी होती.

मी काकीकडे बघितलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते माझं मलाच ओळखू येईना. "काकी, मी काय तुझी पोर हाय? माझी आवस तिकडे हात सडवून घेऊन उभी हाय, आणि मी तुझं काढत बसलंय. किती करू मी तुझं? माझं नाव गेलं तुझ्यापायी. माझं सगळं गेलं." मी आणखीही बोलले. ते लिहीत नाही. आजारी माणसाला बोलू नये ते बोलले.

काकी रडली नाही. मी दमून थांबले तेव्हा तिने तोंड हलवलं. फार वेळ लागला तिला. "तू... नाय. माझी पोर... तू नाय." मग श्वास घेतला. "तू हायस... म्हणून ती... येत नाय. तू... जा."

मी खाली बसले. पुन्हा हॉर्न झाला. मी उठून दारात गेले तेव्हा आई पाखाडीच्या खालच्या पायऱ्या उतरत होती, एकटी, हात पदरात गुंडाळून. मी हाक मारली नाही. धावत गेले असते तर गाठली असती. पण काकीला तसंच टाकून जाववेना, आणि खरं सांगायचं तर आईच्या शेजारी बसायला तोंड नव्हतं. मी आत आले, पाणी तापवलं, काकीचं सगळं स्वच्छ केलं.

दिवस मावळायच्या वेळी आई परत आली. बोटाचं वरचं पेर कापून टाकलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं बरोबर कोण आहे, तिने सांगितलं कुणी नाही. दारात मला बघून ती पहिलं वाक्य म्हणाली ते, "जेवलंस?"

तिथे मात्र मी रडले. सकाळचं सगळं तिला सांगितलं, पत्रांचंही. ती पट्टी बांधलेला हात गुडघ्यावर ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "मी टोपली घेऊन जातंय ना, परत्येक दारात बाई म्हणते, आणखी एक टाक. परत्येकीला टाकलं तर दुपारी तुझ्या ताटात काय पडेल? मी नाय म्हणतंय. हसून म्हणतंय, पण नाय म्हणतंय. तरी उद्या त्या माझीच वाट बघत बसतात. तुला वाटतं नाय म्हटलं की माणसं तुटतात."

मी म्हटलं, "काकीला मी फार वाईट बोलले."

"म्हणजे काय तर. जूनमधलं 'नाय' तू आज बोललंस. नासलं ते."

दुसऱ्या दिवशी मी काकीच्या पायाशी बसले. माफी मागितली की नाही, आठवत नाही. मागितली असावी. कागद घेऊन विचारलं, "कुंदाला काय लिहू?" तिने एकच शब्द सांगितला. "ये." मी तेवढाच लिहिला, खाली 'तुझी आई सांगते' असं लिहिलं आणि माझं नाव घातलं नाही.

कुंदा पत्र मिळाल्या दिवशीच निघाली. आईच्या छातीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिली. मग बाहेर पडवीत आली, पिशवीतून माझी दोन पत्रं काढली आणि माझ्यापुढे धरली.

"हे अक्षर तुझंच ना?"

"माझंच."

"मी गेल्यावर आई खरंच जेवत नव्हती?"

"दोन दिवस जेवली नाही."

"आणि मग?"

"मग जेवली."

"हे 'मग' का नाही लिहिलंस, शेवू?"

तिने थोडा वेळ वाट बघितली, पत्रं घडी करून परत पिशवीत ठेवली. ती भांडली असती तर मी काही तरी बोलले असते.

आठ दिवसांत कुंदाने आईला देवरुखला न्यायची व्यवस्था केली. कॉलेजजवळ एका निवृत्त शिक्षिकेच्या घरामागे एक खोली मिळाली. दुपारी त्या बाई बघणार, संध्याकाळी कुंदाच्या मैत्रिणी आळीपाळीने. नाट्याच्या मामाने गाडी ठरवली, गादी घातली, बहिणीला पोरासारखं उचलून तिच्यावर ठेवलं. काकीची हाडं खिळखिळी झाली नाहीत. हे सगळं जूनमध्येही होऊ शकलं असतं. कुणी तरी विचारायला हवं होतं, आणि विचारायची वेळ मी कुणावर येऊ दिली नाही. निघायच्या आधी मी काकीचे केस विंचरायला घेतले, रोजच्यासारखे. कुंदाने माझ्या हातातली फणी हळूच काढून घेतली. म्हणाली, "असू दे, मी विंचरते."

काकी पुढल्या मार्गशीर्षापर्यंत होती. तीन ओळींचं कार्ड आलं. आई अंगणात मासे साफ करत होती, तिला मी ते वाचून दाखवलं. तिने हात धुतले आणि आत जाऊन देवापाशी दिवा लावला. कुंदा शिक्षिका झाली, तालुक्यातल्या शाळांमधून फिरली, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. तिच्या लग्नाची छापील पत्रिका आली, तीवर हाताने लिहिलेलं काही नव्हतं. मी पुढच्या जूनमध्ये पुन्हा नाव घालू शकले असते. मी सगळ्यांना सांगितलं की आईला मदत हवी. आईने ती मागितली नव्हती. साडेनऊ बोटांनी ती पूर्वीइतक्याच जलद भाकऱ्या थापत होती. एकदा चुकून माणूस शिकतो म्हणतात, पण मला ते तितक्या लवकर जमलं नाही. पुढे लग्न झालं, अंगणवाडीत नोकरी लागली, आणि तिथेही कित्येक वर्षं मी दुसऱ्यांची कामं ओढून घेऊन घरी वैतागून येत होते. माझा नवरा शांत माणूस. एकदा म्हणाला, "तुझा चांगुलपणा बाहेर संपतो, आम्हाला उरलेला राग मिळतो." त्या वाक्यावर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, कारण ते खरं होतं.

त्या अठरा वर्षांच्या पोरीचा मला फार वर्षं तिटकारा होता. अलीकडे तो कमी झालाय. पेज तिने खरीच भरवली, पाठीला एक फोड येऊ दिला नाही. त्याच पोरीने ती पत्रंही लिहिली. तिला चांगलं म्हणवून घ्यायची भूक होती, आणि भुकेल्या माणसाला ताट वाढायला बसवलं की तो दुसऱ्याच्या वाट्याचं खातो. ती मीच होते, आणि तिला आता घराबाहेर ठेवून मी कुठे राहणार?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कुंदा माझ्याकडे आली. मी आता रत्नागिरीत मुलाकडे असते. कुणाकडून तरी पत्ता घेऊन, फोन करून, एकटी आली. केस पांढरे, काठी टेकत. सुनेने घावणे केले, आम्ही दोघी गॅलरीत बसलो. नातवंडांचं बोललो, गुडघ्यांचं बोललो, खाडीवर झालेल्या पुलाचं बोललो. मग ती म्हणाली, "तुझी ती पत्रं मी अजून ठेवलीयत."

मी म्हटलं, "ठेवणारच. फार वाईट केलं मी. त्या वेळी तुला नीट सांगितलंही नाही."

"त्यासाठी नाही ठेवली गो." ती बाहेर बघत होती. "खरं सांगू? दसऱ्याचं ते पत्र आलं ना, 'येऊ नकोस'चं, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. गणपतीत आईचं तसं अंग बघून मला भीती बसली होती. परत जायची छाती होत नव्हती. तू येऊ नको म्हणालीस, मी लगेच ऐकलं. तीन-चार तासांचा तर रस्ता होता. मला यायचंच असतं तर तुझं पत्र काय मला अडवणार होतं? मी ती पत्रं तुला दाखवायला नाही ठेवली. मलाच दाखवायला ठेवली. तुझ्यावर चिडून राहणं सोपं गेलं मला इतकी वर्षं."

मी तिचा हात धरला. एवढ्या वर्षांत कुणी अर्धं ओझं उचलावं आणि ते तिने उचलावं, म्हणजे मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. तिला हवं होतं ते मी लिहिलं आणि मला हवं होतं ते तिने ऐकलं, दोघींचं भागलं, आणि दोघींच्या मधे ती बाई महिनोन्‌महिने दाराकडे बघत पडून राहिली. मी तसं बोलून दाखवलं. कुंदा म्हणाली, "होय."

चारच्या सुमाराला ती उठली. सून म्हणाली, मावशी, आज राहा, उद्या जा. कुंदा म्हणाली, "नको गो, मला माझ्या अंथरुणावरच झोप येते." पूर्वीची मी असते तर तिची काठी लपवली असती. मी म्हटलं, बरं. ती चपला घालताना मी म्हटलं, "स्टॉपपर्यंत आले असते कुंदा, पण आज गुडघे फार दुखतायत. मुलगा खाली थांबलाय, तो सोडेल."

"बस तू," ती म्हणाली, आणि जिन्याला धरून, एक पाऊल खाली टाकून त्याच्या शेजारी दुसरं आणत, सावकाश उतरायला लागली. मी दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, आणि तिच्यामागे गेले नाही.